नोकरीवरून काढले? कागद सांभाळा, दिवस मोजा

‘उद्यापासून कामावर येऊ नको.’ दापोडी-बोपोडी म्हणा, येरवडा म्हणा, ताडीवाला रोड किंवा रामटेकडी म्हणा, हे वाक्य ज्या घरात कधीच कोणी ऐकले नाही असे घर शोधायला निघालो तर पुष्कळ पायपीट करावी लागेल. कधी ते टाइम ऑफिसातून टाइप केलेल्या कागदावर येते, कधी गेटवरचा वॉचमन तोंडी सांगतो, तर कधी ठेकेदाराचा मुकादम नुसता हात हलवून माघारी पाठवतो. पुढे घरात काय घडते तेही आपल्याला ठाऊक आहे. पहिले आठ दिवस घरधनी बायकोलासुद्धा सांगत नाही. डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. मग साहेबाच्या हातापाया पडणे होते. मग कोणी नगरसेवकाची चिठ्ठी आणतो. युनियनचे पुढारी ‘बघू, बोलून घेतो’ म्हणतात. असे करता करता तीन-चार महिने निघून जातात, किराणा दुकानाची उधारी वाढते, आणि शेवटी एखादा जाणता माणूस ‘अरे, कामगार कोर्टात जा’ म्हणून सांगतो. तेथे वकिलाचा पहिलाच प्रश्न असतो, ‘काढल्याची तारीख कोणती?’

हा प्रश्न पहिला का, आणि कामगार न्यायालयात निकाल कशाच्या जोरावर लागतो, हे आपल्या पुण्यातल्याच एका खटल्यावरून पाहू.

मुंढव्याचा भारत फोर्ज हा कारखाना पुण्याच्या कामगारांना नवा नाही. तेथे हेल्पर म्हणून काम करणारा एक कामगार २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे भर पाळीत, कामाच्या जागेवर लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला आढळला. त्याला आरोपपत्र मिळाले, खातेअंतर्गत चौकशी झाली आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याने पुण्याच्या कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली. एवढ्या कारणासाठी माणसाची नोकरीच घालवणे ही शिक्षा फार जबर झाली, असे कामगार न्यायालयाचे मत पडले. म्हणजे कामगार जिंकला. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. प्रकरण औद्योगिक न्यायालयात गेले, मग मुंबई उच्च न्यायालयात गेले. पायरीगणिक निकाल फिरत राहिला. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील मान्य केले व बडतर्फी कायम ठेवली. सकाळच्या एका झोपेचा हिशेब व्हायला एकवीस वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात घरातले लेकरू पाळण्यातून लग्नाच्या बोहल्यापर्यंत जाते.

आता दुसरा खटला पाहा. कलर केम या रासायनिक कारखान्यातील दोन कामगार रात्रपाळीत, पहाटे साडेतीनच्या सुमारास, मशीन चालू ठेवून झोपलेले सापडले. त्यांनाही बडतर्फ केले गेले. तेही कामगार न्यायालयात गेले आणि हा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे कामगारांच्या बाजूने कौल दिला. अपराधाच्या मानाने धक्का बसावा इतकी जबर शिक्षा देणे म्हणजे कामगाराचा छळच होय, मालकाच्या मनात आकस होता हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

दोन्ही वेळा कायदा एकच, न्यायालय एकच, अपराधही एकच. मग एकाची नोकरी का गेली आणि दुसऱ्यांची का वाचली? कलर केमच्या प्रकरणात त्या रात्री पाळीतले इतर लोकही झोपलेले होते. त्यांना काही दिवसांच्या निलंबनावर सोडून दिले आणि दोघांनाच घरी पाठवले, हा भेदभाव न्यायालयाच्या नजरेत भरला. भारत फोर्जच्या कामगाराच्या बाबतीत मात्र कंपनीने जुने कागद पुढे केले. अशाच कारणावरून त्याला पूर्वी तीन वेळा सौम्य शिक्षा झालेली होती. ही चौथी वेळ होती.

मला विचाराल तर मशीनच्या धडधडाटात लोखंडी प्लेटवर ज्याला झोप लागते तो माणूस आळशी असण्यापेक्षा दमलेला असण्याचाच संभव अधिक. पण माझ्या वाटण्याला कोर्टात किंमत नाही. तेथे फाइल बोलते. आणि कामगाराची फाइल बडतर्फीच्या दिवशी सुरू होत नसते. पहिला मेमो हातात पडतो त्या दिवशी ती सुरू होते.

आपल्याकडे मेमोला फार हलके समजतात. ‘कागदच आहे, सही करून टाक, साहेब खूश राहील’ असे सोबतचेच लोक सांगतात. माणूस सही करतो, घरी येतो, विसरून जातो. कंपनी विसरत नाही. म्हणून मेमो कितीही क्षुल्लक असो, त्याला लेखी खुलासा दिलाच पाहिजे. चूक झाली नसेल तर नाही म्हणून लिहावे. झाली असेल तर का झाली ते लिहावे. डबल ड्यूटी केली होती काय, घरात आजारपण होते काय, औषध घेतले होते काय, हे त्याच आठवड्यात लिहिलेले असेल तर दहा वर्षांनी त्याला वजन येते. न्यायालयात उभे राहिल्यावर आठवून सांगितलेल्या गोष्टीला ते येत नाही. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

येथे थोडे मागे जाऊ. कोणत्या वर्तनाला गैरवर्तन म्हणायचे, शिक्षा करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे कसे ऐकायचे, हे पूर्वी मालकाच्या मर्जीवर असे. कारखान्याचे हे नियम लेखी असावेत, सरकारी अधिकाऱ्याने ते तपासून मंजूर केलेले असावेत आणि कामगाराला ते कळावेत, म्हणून स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा १९४६ साली झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. गेटवर किंवा कॅन्टीनच्या भिंतीवर काचेत लावलेली स्थायी आदेशांची प्रत आपण कधी थांबून वाचली आहे काय? बहुतेकांनी नाही. वास्तविक आरोपपत्रात जो नियम मोडल्याचे लिहितात तो त्यातलाच असतो.

आरोपपत्रानंतर चौकशी होते. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला असतो. त्यामुळे ‘तेथे काय न्याय मिळणार’ म्हणून पुष्कळ कामगार चौकशीला जातच नाहीत. ही मोठी चूक आहे. आपण गेलो नाही तर चौकशी एकतर्फी होते आणि पुढे न्यायालयात ‘आम्ही संधी दिली होती, यानेच घेतली नाही’ असे कंपनी म्हणते. चौकशीत सहकारी कामगाराला आपल्या बाजूने उभे करता येते, साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, आपले साक्षीदार आणता येतात, कामकाजाची प्रत मागता येते. कामकाज इंग्रजीत चालवत असतील तर समजत नाही, मराठीत चालवा, असे लेखी द्यावे. ते नाकारले तर तो नकारही आपल्या उपयोगाचा असतो. चौकशी चालू असताना निलंबन असेल तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळाला पाहिजे व कामगाराच्या दोषाने लांबली नसेल तर पुढे पाऊण पगार.

कामगार न्यायालयापुढे प्रकरण गेले की न्यायाधीश प्रथम याच चौकशीकडे पाहतात. ती न्याय्य रीतीने झाली का? झाली नसेल तरी कामगार लगेच जिंकतो असे नाही. आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करण्याची संधी मालकाला मिळते. १९७५ साली कूपर इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घालून दिली. चौकशी योग्य ठरली तरी सारे संपत नाही, कारण शिक्षा फार जबर आहे काय हा प्रश्न उरतो. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली ११-अ हे कलम आले, तेव्हापासून शिक्षा कमी करून कामगाराला कामावर घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. साध्या दिवाणी कोर्टात असे होत नाही. दिवाणी कोर्ट फार तर नुकसानभरपाई देईल, गेलेली नोकरी परत देणार नाही. कामगार न्यायालय वेगळे काढले ते याचसाठी.

आता तारखेचा प्रश्न. महाराष्ट्रात कामगाराला एक खास कायदा आहे. कामगार संघांना मान्यता देण्याबाबतचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा १९७१ चा हा कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. भारत फोर्ज आणि कलर केम, दोन्ही दावे याखालीच चालले. खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवून काढणे, रजेशिवाय गैरहजर होता असा बनावट आरोप ठेवून काढणे, चौकशीचा नुसता देखावा करून घाईघाईने काढणे, किरकोळ चुकीला मागची नोकरी न पाहता मोठी शिक्षा देणे, या साऱ्याला हा कायदा अनुचित प्रथा म्हणतो. त्याचा मोठा फायदा असा की कामगार एकटा, कोणाच्याही परवानगीशिवाय, थेट कामगार न्यायालयात तक्रार करू शकतो. अंतरिम आदेश मागता येतो. इतकेच नव्हे, तर १९९५ च्या हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बडतर्फीचा हुकूम हाती पडेपर्यंत थांबायची सक्ती नाही. काढण्याच्या इराद्याने पावले टाकली जात असतील तर आधीही तक्रार करता येते. मात्र मुदत ९० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘साहेब घेतो म्हणाले होते’ हे कारण सबळ मानले जाईलच असे नाही. हातापाया पडण्यात जे तीन महिने जातात म्हणून सुरुवातीला लिहिले, ते हेच.

ही मुदत हुकली तर दुसरा रस्ता वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयातून जातो. तेथे अर्ज दिला की समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. तोडगा निघाला नाही तर वाद न्यायालयाकडे जातो. हा रस्ता औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चा होता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. नव्या संहितेत कामगार न्यायालयाऐवजी दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण आहे. त्यातला एक न्यायिक सदस्य आणि दुसरा प्रशासकीय. समेटासाठी अर्ज दिल्यानंतर ४५ दिवस उलटले की काढलेला कामगार थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. पण जुन्या कायद्यात ही मुदत काढल्यापासून तीन वर्षे होती, ती आता दोन वर्षांवर आली आहे. आधी दाखल झालेले दावे यामुळे बुडत नाहीत. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा हा राज्याचा आहे, संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत त्याचे नाव नाही. तेव्हा नव्या-जुन्याच्या वादात न पडता ९० दिवसांच्या आत न्यायालय गाठणे हेच शहाणपणाचे.

ठेकेदाराकडच्या कामगाराची स्थिती याहून बिकट आहे, आणि आपली निम्मी तरुण पोरे आज ठेकेदाराकडेच आहेत. पुण्याच्याच कल्याणी स्टील्सच्या कॅन्टीनमधील कामगारांचा खटला २००१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कंपनी जर म्हणत असेल की हे आमचे कामगारच नव्हेत, तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही, आधी मालक कोण हे योग्य न्यायाधिकरणाकडून ठरवून घ्या, असा तो निकाल. म्हणजे थेट रस्ता बंद. परंतु लांबचा रस्ता उघडा राहतो. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या सुमारे २७०० ठेका कामगारांना औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली कायम ठरवले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. ती लढाई एकेकट्याने झाली नाही, कचरा वाहतूक श्रमिक संघ या युनियनने सर्वांच्या वतीने लढवली. ठेका कामगाराने एकट्याने कोर्टात जाण्यापूर्वी या दोन निकालांतला फरक ध्यानात घ्यावा.

घरकाम करणाऱ्या भगिनींना तर हा दरवाजा अजून उघडलेलाच नाही. नव्या संहितेने ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे. सोसायटीतल्या बाईंनी दहा वर्षांच्या मोलकरणीला एका दिवसात बंद केले तर कामगार न्यायालयात तिची दाद लागत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

टेंपररी कामगारांनी एक आकडा पाठ करावा, २४०. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती सलग एक वर्षाची सेवा धरतात. मग काम कमी झाले म्हणून काढायचे असले तरी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. नव्या संहितेनेही हे ठेवले आहे. परंतु २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? कामगाराने. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. नुसते ‘मी रोज जात होतो’ म्हणून भागत नाही. येथे घरातल्या बायकांचे काम सुरू होते.

भगिनींनो, बहुतेक घरांत नवरा पगाराची चिठ्ठी खिशात चुरगाळून आणतो आणि ती धुण्यात जाते. ती काढून घ्या. पत्र्याच्या पेटीत किंवा बिस्किटाच्या डब्यात नेमणुकीचा कागद, पगारचिठ्ठ्या, हजेरी कार्ड, ई.एस.आय.चे कार्ड, पी.एफ.चा हिशेब, गेटपास, बोनसचा कागद, मेमो आणि मेमोची उत्तरे एकत्र ठेवा. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुक भरून आणा. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात प्लास्टिकची पिशवी हवीच. मोबाइलवर फोटो काढून ठेवायला मुलांना सांगा. आणि एक गोष्ट कडकपणे सांगा, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. ‘राजीनामा दे, हिशेब लगेच देतो’ म्हणून साहेबाने गोड बोलून घेतलेला राजीनामा पुढे ‘जबरदस्तीने घेतला’ हे शाबीत करणे फार अवघड जाते. ‘सर्व हिशेब पूर्ण मिळाला, काही तक्रार नाही’ या कागदाचेही तसेच. गेटवर तोंडी अडवले असेल तर त्याच दिवशी पत्र पाठवावे, ‘मी कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही, मी काम करायला तयार आहे.’ नाही तर महिन्याभराने ‘हा स्वतःच यायचा बंद झाला’ असे कंपनीचे पत्र घरी येते.

मागच्या पगाराविषयी विचारणा नेहमी होते. चुकीने काढलेल्या कामगाराला सेवेच्या सलगतेसह व मागील पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र मधल्या काळात आपल्याला दुसरी नोकरी नव्हती, किंवा मिळाली ती कमी पगाराची होती, हे कामगाराने आधी सांगावे लागते. प्रतिज्ञापत्रात खरे ते लिहावे. हातगाडी लावून पोट भरले असेल तर तसे लिहावे. लपवले आणि उलटतपासणीत उघड झाले तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. जिंकल्यावर मालक उच्च न्यायालयात गेला तर तेथे प्रकरण चालेपर्यंत शेवटचा पगार देत राहण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात १७-ब या कलमाने होती, नव्या संहितेतही ती आहे. पण वकिलाने मागितल्याशिवाय ती आपोआप मिळत नाही. तेव्हा आठवण द्यावी.

राहिला खर्च. कामगार न्यायालयात दिवाणी दाव्यासारखी दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागत नाही. वकिलाच्या फीचे म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे. त्यासाठी शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. जाताना वर सांगितलेला डबा सोबत न्यावा, आणि वरच्या कागदावर काढल्याची तारीख व त्यापुढचा नव्वदावा दिवस कोणता येतो ते ठळक लिहून न्यावे.